एकोणीसशे पंचेचाळीसची ओळ

तक्त्याच्या घरात तळटीप नांदत नाही.
कर्सर आत नेला की मेनूतला तो शब्द राखाडी होतो,
मग कितीही दाबा.
पंधरा वर्षं ठाऊक आहे मला हे,
तरी दर वेळी एकदा दाबून बघते.
नव्या आवृत्तीत म्हणे जमतं. नवी आवृत्ती
रोवानिएमीतल्या आमच्या दोन खोल्यांना परवडत नाही.

या वेळचं काम: कुक्कोयार्वी तळ्याचं बर्फ
कुठल्या साली, कुठल्या दिवशी फुटलं.
एकशे बत्तीस ओळी, रकाने तीन:
साल, दिवस, कोणी पाहिलं.
आधी चर्चचा घंटावाला, मग शाळामास्तर, मग
पोस्टातली हिल्या. ती वेळही लिहायची,
आणि कोणी विचारलं नसताना वाऱ्याची दिशा.

टिपा सतरा.
"१८९७: घंटावाला तापाने पडून. बायकोने पाहिलं.
तिचं नाव नोंदलेलं नाही."
"१९२१: तारखा दोन. मास्तर आणि पाद्री
त्या वर्षी एकमेकांशी बोलत नव्हते."

मी जुनीच युक्ती वापरते.
अंक हाताने टाकायचा, बारीक करून वर उचलायचा;
तक्त्याखाली वेगळी चौकट, तिच्यात टिपा, साडेसहा पॉइंट.
दिसायला सख्ख्या, नातं काही नाही.
वरची ओळ हलली तर खालच्या टिपेला पत्ता नसतो.
तक्ता पुढच्या पानावर निघून जातो
आणि टीप मागे उभी,
बस चुकलेल्या बाईसारखी, पिशवी धरून.

नववी टीप सगळ्यांत छोटी होती.
१९४५ च्या घरात आडवी रेघ,
खाली: "गावात कोणी नव्हतं."
आदल्या शरदात सगळ्यांना, गायींसकट,
नदीपलीकडे स्वीडनला नेलं होतं.
जाणाऱ्या सैन्याने घरं जाळली, वाटांवर सुरुंग पेरले.
तळं त्या साली फुटलं असेलच.

दुसरी प्रुफं गेल्यावर फोन आला.
ओइवा कुमाला. आवाजात श्वास जास्त, शब्द कमी.
"मी होतो. अकरा वर्षांचा.
बाप न विचारता परत आला, जाळी बघायला.
मला आणलं, कारण मी हलका होतो.
पुढे मी चालायचो."

हीटर टकटक करत होता. मी काही बोलले नाही.

"एकवीस मे. सकाळ.
आवाज झाला तसे आम्ही दोघे पालथे पडलो.
बराच वेळ तसेच.
बर्फ होतं ते."

संपादक आर्मास म्हणाले, पुरावा काय?
घरात तारीख जाणार नाही. टिपेत घे, थोडक्यात.
मी पाच ओळी लिहिल्या. त्यांनी एक खोडली,
कोण पुढे चालायचं ती.

उरलेल्या चार ओळींनीही पान फुटलं.
तक्ता १९४४ वर थांबला,
रेघ पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली,
टीप मी हाताने उचलून तिच्यामागे नेली,
आणि मागच्या पानाखाली सात सेंटिमीटर कोरे राहिले.
ओळींमधलं अंतर अर्धा पॉइंट आवळलं तर सगळं मावतं.
आवळलं. मावलं.
कंट्रोल झेड.

छापखान्यातून रेइयो विचारतो, खाली चित्र राहिलंय का?
नाही.
मग?
तसंच छाप.

दिवसाच्या घरात रेघ आहे, आर्मास म्हणाले तशी.
"कोणी पाहिलं" या घराबद्दल ते काही बोलले नव्हते.
तिथे मी लिहिलं: ओइवा कुमाला, वय ११.
त्याला अंक दिला, दहा.
पुढचे आठ अंक एकेक करून बदलले,
आणि खाली, साडेसहा पॉइंटात, दोनच शब्द:
पुढे चालणारा.