अडकलेल्या माणसाशी बोलताना

सव्वीस वर्षं घोडबंदर रोडला लिफ्टचं काम केलं मी.
मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली,
टॉवर वर चढत गेले, मी शाफ्टमध्ये उतरत राहिलो.
कुणी अडकलं की आधी मशीनरूमकडे धावायचं नसतं,
आधी बोलायचं असतं.
हे कुणी शिकवलं नाही.
देवस्थळी बाई सातव्या-आठव्याच्या मध्ये
दार ओरबाडून नखं रक्ताळून बसल्या,
त्या दिवशी कळलं.

आता माझं पंपिंग अठ्ठावीस टक्के.
डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढं यंत्र,
ठोका भरकटला तर झटका देतं.
दीड वर्षात एकदाच दिला,
बाळकूम नाक्यावर, हातात कोथिंबिरीची जुडी असताना.
बैलाने लाथ मारावी तसा.
जुडी सोडली नाही यांनी, हे हिरू सगळ्यांना सांगते.
मी सांगत नाही की तेव्हापासून
कोथिंबिरीचा वास आला की हात छातीकडे जातो.

टेन्शन घेऊ नका, डॉक्टर म्हणतात,
मेव्हणा म्हणतो, वॉचमनसुद्धा म्हणतो.
जसं काही मी पिशवी घेऊन जातो
आणि अर्धा किलो तोलून आणतो.

तोलायचं बाकी सगळं असतं.
उठल्या उठल्या वजन,
कॅलेंडरवर, गॅस लावल्याच्या तारखेशेजारी.
पाणी दीड लिटर, त्यातच चहा, त्यातच ताक.
मीठ चिमूटभर. सुकट बंद.
भोईरांच्या घरात सुकट बंद!

रात्री मात्र हिशोब सुटतो.
तीन वाजता एक ठोका चुकतो,
चुकतो की नाही तेही कळत नाही,
पण मी जागा होऊन ऐकत बसतो
जसे नव्या साइटवर दोर ऐकायचो.
ऐकलं की वाढतं.
घाम येतो. हा भीतीचा, की त्याचा?
हिरूला उठवू? मागच्या महिन्यात दोनदा उठवलं,
दोनदा रिक्षा, दोनदा ईसीजी, दोनदा "ठीक आहे काका".
तिसऱ्यांदा खरंच असलं तर?

तेव्हा मी मलाच फोन लावतो.

हॅलो, लिफ्टवाला बोलतोय. नाव काय तुमचं?
मोरेश्वर.
पूर्ण सांगा.
मोरेश्वर जोमा भोईर.
एकटेच आहात?
बायको आहे. झोपलीय.
बसून घ्या. दार ओढू नका. हवा येतेय ना?
पंखा तीनवर आहे.
छातीत दुखतंय? हात, जबडा? दम लागतोय?
नाही. नाही. नाही.
लागला तर गप्पा बंद, सरळ गाडी बोलवायची.
नंबर फ्रिजवर आहे.
नसेल तर बोलत राहू. काय जेवलात?
भाकरी. दुधी.
कसा होता दुधी?
अळणी.

इथे कधी कधी हसू येतं.
कधी नाही येत.

मग त्याला ते सांगतो जे सगळ्यांना सांगायचो
आणि कुणालाच खरं वाटायचं नाही:
लिफ्टचा ब्रेक उघडा ठेवायला वीज लागते.
वीज गेली की स्प्रिंग आपोआप आवळते,
डबा जागच्या जागी.
धरून ठेवायला काही लागत नाही, साहेब.
धरलेलंच असतं.

हृदयाचं तसं नाही, मला माहितीय.
खोटं सांगून मी कुणाला बाहेर काढलेलं नाही.
इथे वीज गेली तर गेली.
पण देवस्थळी बाईंनासुद्धा
किती वेळ लागेल ते सांगितलं नव्हतं मी,
मलाच ठाऊक नव्हतं.
फक्त म्हटलं, फोन ठेवत नाही.
चाळीस मिनिटं आम्ही
त्यांच्या बहिणीच्या लग्नातल्या जिलेबीवर बोललो.

हिरू कूस बदलते. कोणाशी बोलताय?
अडकलाय एक.
मग काढा त्याला, ती झोपेतच म्हणते
आणि पाय माझ्या पायावर टाकते,
जड, भेगाळलेल्या टाचेचा.

पाचला सोसायटीचा पंप लागेल.
साडेपाचला वजन.