शेरा

खोरोगहून ट्रकने दीड दिवस, पुढे घोड्यावर अर्धा.
हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्या, खांबांवर एक पांढरी पेटी,
आणि दारातला कुत्रा,
ज्याने महिनाभर मला माणसांत धरलं नाही.

मिर्झोनाबोतने किल्ल्या दिल्या,
चहात मीठ घातलं, याकचं लोणी घातलं, म्हणाला:
दिवसातून आठ वेळा बाहेर जायचं.
वादळ असो, ताप असो, बायको बाळंत होत असो.
बघायचं, आत यायचं, लिहायचं.
बाकी डोंगर शिकवेल, असलं काही मी सांगणार नाही.
डोंगराला तुझ्याशी काही देणंघेणं नाही.

कपाटात त्याच्या एकतीस वर्षांच्या वह्या.
तापमान, दाब, वारा, बर्फाची खोली,
आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना: शेरा.

पहिली चार वर्षं तिथे ‘नाही’.
नाही. नाही. नाही.
पाचव्या वर्षीच्या मार्चमध्ये, अक्षर जरा हललेलं:
‘वारा पश्चिमेचा. त्याला चुलीचा वास.
पश्चिमेला कुणीच राहत नाही.’

यानंतर बांध फुटला म्हणावं, तर तसंही नाही.
अठरा दिवस पुन्हा ‘नाही’.
मग: ‘कोल्ह्याचे ठसे पर्जन्यमापकापर्यंत. तोही मोजून गेला.’
मग: ‘बर्फ पडताना आवाज होता, जुनं कापड फाडावं तसा.’
‘तसा’ खोडलेला. कापडही खोडलेलं.
उरलं एवढंच: आवाज होता.

वरून आलेलं पत्र त्याच पानावर डकवलंय:
शेऱ्याच्या रकान्यात फक्त निरीक्षणे नोंदवावीत.
खाली त्याचं बारीक अक्षर:
मग दुसरं काय करतोय?

मी दुशान्बेत कविता लिहायचे.
खिडकीतून दिसायची ट्रॉलीबसची तार, आणि मी लिहायचे पर्वत.
माझ्या पर्वतांना माथे असत, मौन असे,
पायथा नसे.
इथे आले ती त्यांना भेटायला,
आणि पहिल्या हिवाळ्यात एक ओळ सुचेल तर शपथ.
पेन परजून खिडकीपाशी बसायचे.
समोर हिमनदी,
बोलत नाही आणि उठून जातही नाही
अशा पाहुण्यासारखी.

सुचलं ते भलत्याच वेळी.
पहाटे तीनची नोंद. उणे एकतीस.
बॅटरीचा उजेड पाऱ्यावर धरला, श्वास रोखला,
कारण श्वासानेही पारा चढतो,
आणि त्या रोखलेल्या श्वासात
खाली दरीत, बर्फाच्या पोटातून
पाणी चाललेलं ऐकलं.
जानेवारीत.

आत आले. हातमोजा दातांनी ओढला.
रकाना दोन बोटं रुंद.
दुशान्बेतून आणलेले माझे शब्द
त्यात कोपरं आपटत राहिले.

उन्हाळ्यात खुणांच्या दगडांपर्यंत चालत गेले.
हिमनदीच्या तोंडाशी तो दरवर्षी
एका दगडावर लाल रंगात साल लिहायचा.
त्याच्या शेवटच्या सालापासून आता बर्फापर्यंत
दोनशे अकरा पावलं.
मधे चिखल, आणि एक पिवळं फूल,
ज्याचं नाव मला येत नाही.
हातात रंगाचा डबा, निवडायला हवे तेवढे दगड.
बराच वेळ मी नुसती उभी होते.

संध्याकाळी रेडिओवर आकडे झाले की
मी आता शेराही वाचते. नियमात नाही.
खाली रोश्तकलात, लेकीच्या घरी, तो ऐकत बसतो.
डोळे गेलेत त्याचे.

काल वाचलं: ‘बर्फाखालून पाणी, गुणगुणत.’
खरखर. पुन्हा खरखर. मग त्याचा आवाज:
‘गुणगुणत काढ.’

काढलं.

‘आता परत वाच.’