अस्पष्ट

बांबोळीच्या वॉर्डातलं ध्वनिमुद्रण,
एक मिनिट बावन्न सेकंद.
चार वर्षं मी हेच शिकवते:
संघर्ष कुठल्या शब्दापाशी पेट घेतो,
कोण कुणाला तोडतं, कोण किती थांबतं.
थांबणं मी कंसात लिहिते, सेकंदांत.
(०.८) साधा श्वास.
(३.०) इथून पुढे भांडण.

खाट चौदा. कायतान, आगशीचा रेंदेर,
माडावरून पडलेला.
त्याची नखं निळी पडताना बघून
बायको, आनामारी, ओरडते,
'पळय रे दोतोर, पळय!'
बघ म्हणते ती. आमच्याकडे पळय म्हणजे बघ.
डॉक्टर उदगीरचा, बावीस तास जागा,
गोव्यात येऊन महिना झालेला.
त्याच्या बोलीत पळ म्हणजे पळ.
तो एक पाऊल मागे सरतो,
ती त्याची बाही धरते,
मग शिट्टी, धावती पावलं, ट्रे पडल्याचा आवाज,
आणि रजिस्टरात एक ओळ:
नातेवाईक आक्रमक.

वर्ग दर वर्षी इथे हसतो.
मी हसू देते, मग फळ्यावर आकृती काढते.
यंदा तिसऱ्या बाकावर
रात्रपाळी करून आलेली सिस्टर इडालिना
हसली नाही.
तास संपल्यावर माझ्याआधी फळा पुसू लागली.
'टीचर, त्या दिवशी मी उशाशीच होते.
मला दोघांचंही कळत होतं.'
'मग बोलली का नाहीस?'
(या प्रश्नाला धार होती; ती मला रात्री ऐकू आली.)
'राउंड चालू असताना
आम्ही बोलत नाही,' म्हणाली,
आणि डस्टर झटकला खिडकीबाहेर.

घरी माझाच निबंध उघडला.
वक्ते तीन: डॉक्टर, पत्नी, सुरक्षारक्षक.
छापून आलेला. त्याला बक्षीसही आहे,
शोकेसमध्ये, चिनी बशांच्या मागे.

रविवारी आगशीला गेले.
संमतीपत्रावर नवी सही हवी,
निदान सांगितलं तरी तसंच.
आनामारी दोरीवर चोरिसांच्या माळा चढवत होती.
पडवीत खुंटीला त्याची काती,
पात्याला तेल लावलेलं. कुणी लावलं असेल?
डॉक्टरचं नाव तिला आठवेना.
'बारीक पोरगो. भियेल्लो,' एवढंच म्हणाली.
ऐकवू का, म्हटलं. मानेनं नको.
सही केली, हात पुसून, सावकाश.

फाटकापर्यंत आली सोडायला.
'तो उलयता तातूंत?'
बोलतो का तो, त्यात.

हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.
किती सेकंद, ते मोजलं नाही.

गोवा वेल्हाजवळ गाडी कडेला घेतली.
एक मिनिट एकेचाळीस.
ट्रे पडल्यानंतर, शिट्टीच्या खाली काहीतरी आहे,
मी तिथे लिहून ठेवलंय: (अस्पष्ट).
काचा वर केल्या. पंखा बंद केला.
मागे नेलं.
पुन्हा मागे नेलं.