इद्वलची पाटी

इद्वल न्हाव्याकडे लहानांसाठी लाकडी फळी नव्हती.
खुर्चीच्या दोन्ही हातांवर तो आडवी टाकायचा
खाणीतली एक पाटी, अंगठ्याएवढी जाड,
आणि आम्हाला उचलून तिच्यावर ठेवायचा.
वेल्सच्या त्या डोंगरात अगदी मे महिन्यातसुद्धा
पाटी मांड्यांना चावायची.
"बस गं, तापेल आता," म्हणायचा तो.
कधी तापली नाही.

तिथे मी एकटीच मुलगी.
आईचं म्हणणं, दोन पोरांबरोबर तिसरं उरकून घ्या.
भाऊ बाकावरून माझ्या बटांना हसायचे,
आणि इद्वल अगदी गंभीर होऊन विचारायचा,
"काय बाईसाहेब, आज कसे कापू?"
जसं काही त्याला दुसरं येत होतं.
साऱ्या गावाचं डोकं एकाच घाटाचं,
पाद्र्याचं, पोस्टमनचं, वळूच्या मानेच्या ह्यू लोहाराचं,
आणि माझं.

आरशाचा एक कोपरा आंधळा झाला होता,
बसणाऱ्याचा डावा कान त्यात जायचा.
पुष्कळ वर्षं मी धरून चालले होते
की मला तो जरा कमीच आहे.

शनिवारी दुपारी भोंगा झाला की दुकान भरायचं.
खुंट्या सहा, माणसं अकरा,
उरलेल्या टोप्या गुडघ्यांवर.
ओल्या लोकरीचा वास, रॉकेलच्या शेगडीचा,
चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा, सपक, सपक,
आणि पहिली कात्री चालली की केसांतून उडायची धूळ.
धुळीवरून इद्वल सांगायचा कोण कुठे खणतो.
जांभळट, म्हणजे वरचा मजला.
निळसर, म्हणजे खालचा, पाण्याकडचा.
छातीत बसलेली मात्र दिसायची नाही,
तिच्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.
बोलायचे ते रविवारच्या गायनात खर्ज कुणाचा घसरला,
कुणाची मेंढी कुणाच्या कोबीत शिरली.
मधेच कुणीतरी खोकायचं,
आणि सगळे त्याचं संपेपर्यंत
आपापल्या टोपीत बघत बसायचे.

संध्याकाळी सगळ्यांचे केस एकाच सुपलीत.
मिसेस पॅरी ते घेवड्याच्या वाफ्याभोवती पसरायची,
ससे येऊ नयेत म्हणून.
ससे यायचेच.

मी अकरा वर्षांची होते त्या फेब्रुवारीत
इद्वल आमच्याकडे आला.
काखेत दुकानातली वाटी, गळ्यात टाय.
त्याच्या गळ्यात टाय मी पहिल्यांदा पाहिला.
आईने भावांना खालीच थांबवलं,
मला म्हणाली, तू पाणी धर.

मी तसराळं धरलं, दोन्ही हातांनी.
त्याने फेस केला, बराच वेळ केला.
गावातला सगळ्यात बोलका माणूस,
तोंडातून शब्द नाही.
वस्तरा बाबांच्या गालावरून खाली,
मग पाण्यात, मग पुन्हा गालावर.
पाणी हळूहळू करडं होत गेलं.
ऑक्टोबरपासून ते खाणीत गेले नव्हते,
तरी.

कानाशी आल्यावर तो थांबला,
दर शनिवारी थांबायचा तसाच,
वस्तरा हवेत.
"कल्ले ठेवायचे ना, एम्रिस?"

आणि वाट पाहिली.
खरंच पाहिली, एका उत्तरापुरती.
मग मान हलवली, बरं म्हटल्यासारखी,
आणि ठेवले.

जाताना पैसे घेतले नाहीत.
आईने वाटीत दोन अंडी ठेवली.

आता तिथे डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी कॉफी मिळते.
खुर्ची नाही, आरसा नाही.
पाटी भिंतीला टेकून उभी आहे,
तिच्यावर खडूने आजचे भाव.
मी तळहात टेकवला.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, अहो, पुसेल ते.
पुसलंच. सूपचा भाव गेला.

गार होती.