गंज कोणाचा

इतवारीत भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर
बत्तीस वर्षं मी नावं कोरली.
आधी खिळा-हातोडी, मग मशीन आली, झर्रर्र.
पैसे अक्षरावर;
काना-वेलांटीचे कधी घेतले नाहीत.

हेडाऊंची वेदश्री चित्रकलेच्या कॉलेजातून आली.
म्हणे, काका, तुमच्या घरातली ती भांडी द्या
ज्यांच्यावर दुसऱ्याचं नाव आहे.
काहून? चोरीचा माल शोधून राहिली का?
पोट्टी हसली.
तांडापेठेत दारोदार हेच मागत होती.

मांडणी उपसली. अकरा निघाली.
डिंकाच्या लाडवांचा डबा : सौ. शेवंता निखारे.
बाप मेडिकलात होता तेव्हाचा, वरणाचा :
गजभिये परिवार, पाचपावली.
चौदा रात्री यायचा. आणायचं कोण,
आता चेहरा आठवत नाही.
शीरखुर्म्याच्या वाडग्यावर उर्दू अक्षरं,
ती माझ्या हातची नव्हेत.

समाजभवनात तिनं सगळी टांगली.
ज्या घरी सापडलं तिथून ज्याचं नाव तिथवर
सूत ओढलं, बंद पडलेल्या मागांवरचं,
कुठं किरमिजी, कुठं नुसतं मळकं.
वाकल्याशिवाय आत जाता येईना.
पंखा लावला की चारशे भांडी एकमेकांना लागायची.

बाया ओरडल्या, अगं, माझा गंज!
अन् हा तुझ्याकडे होता होय, इतकी वर्षं?
भांडण होईल वाटलं. झालंही थोडं.
पण काढून कोणीच नेला नाही.

माझं लक्ष माझ्या चुकांकडे.
'निखारे'तला खा मी फोडून ठेवला होता,
रवा. निरवारे.
बाईनं वीस वर्षं कुरकुर केली नाही.

कोपऱ्यात सतरंजीवर बिननावाची.
त्यांना सूत नाही.
त्यात एक पोचलेला गंज, कडेला डाग दिलेला.
नवतप्यात आंबील भरून
आमच्याच घरून गेला होता.
नाव घालून द्या, म्हणून ती मागं लागायची,
मी म्हणायचो, घरचं काय, कधीही होईल.
कोणाकडे गेला, हे सांगायला ती नाही.

मशीन पिशवीत होती.
वेदश्रीला विचारलं, इथं प्लग कुठं आहे?
ती वायर आणायला धावली.
तोवर मी गंज उलटा करून पाहिला,
बुडाशी कोणाच्या तरी चुलीचा काळा.

आली तेव्हा म्हटलं,
राहू दे.