उणे चार

पारा उणे चारवर आला की माझा फोन वाजतो.
रात्रीचे दोन, कधी तीन.
बायको कूस बदलते, म्हणते,
"जा, आभाळाची ड्युटी कर."
मी अंधारातच बूट चढवतो.

आमच्या खोऱ्यात अठ्ठावन्न तोफा आहेत.
लढाई नाही, बर्फ पाडायचा.
तळ्यातलं पाणी, हवेचा दाब, पंख्यांची घरघर,
आणि उजाडेपर्यंत हिरव्या उतारावर एक पांढरी पट्टी,
गाईच्या पाठीवर चुना सांडावा तशी.

माझा बाप सेव्हेरिन याच उतारावर
दूधगाडीसाठी फावड्याने वाट मोकळी करायचा.
जन्मभर बर्फाला शिव्या घातल्या त्याने.
शेवटच्या हिवाळ्यात मला निघालेला पाहून म्हणाला,
"काय रे, आता पगार घेऊन आणता ते?"
आणि इतका हसला की खोकला आवरेना.

जानेवारीत शर्यत असते.
बारा हजार माणसं, गळ्यात गाईच्या घंटा,
गालांवर झेंडे,
ऑस्लोची, क्राकोवची, एक अख्खी टोळी लीड्सची.
वरून एक माणूस खाली येतो:
एक मिनिट एक्कावन्न सेकंद.
मग दुसरा.

गेल्या वर्षी विद्यापीठाची एक मुलगी आली होती,
रोझविता, निळ्या पडलेल्या बोटांत फॉर्म धरून.
पार्किंगमध्ये ज्याला त्याला विचारायची:
कुठून? कशाने? किती जण?
कुणी तिला बिअर दिली,
कुणी फॉर्मवर बदाम काढला.
संध्याकाळी पंपघरात शेकायला बसली, बेरीज केली.
म्हणाली, तुमच्या तोफा यात चिमूटभर,
जड आहे ते लोकांचं येणं-जाणं.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तेव्हापासून माझ्या जिभेला हाड राहिलं नाही.
खानावळीत, लिफ्टच्या रांगेत, मेव्हण्याच्या लग्नातसुद्धा:
"दोन मिनिटं बघायला विमानाने येतात!"
मेव्हणा मान डोलवायचा. त्याचं हॉटेल आहे.

मग एप्रिल. लिफ्ट बंद.
पट्टी विरघळते, उतारावर उरतात
एकेकटे हातमोजे, चिखल, कुणाच्या तरी घराची किल्ली.
आणि आम्ही निघतो.
लिफ्टवाले, भांडीवाल्या, स्की शिकवणारा गोटलीब,
पाच महिने दुसऱ्यांच्या सुट्टीत राबलेले सगळे.
म्युनिकपर्यंत बस, पुढे जवळजवळ पाच तास हवेत,
टेनेरीफ.

तिथे छत्र्या भाड्याने देणारा येराय
माझ्या पायांशी उकिडवा बसला.
म्हणाला, "वाळू छान आहे ना? आमची नाही.
आजोबांच्या वेळी जहाजं भरभरून आणली, वाळवंटातून.
आमची काळी. काळीवर कोण लोळतं?"
मी त्याला तोफांचं सांगितलं.
"म्हणजे तूही?"
"मीही."
एकाच विहिरीवर भेटलेल्या दोन गवळ्यांसारखे
आम्ही किती तरी वेळ हसत होतो.

मग तो गंभीर झाला.
डब्यात पैसे साठवतोय म्हणाला, तीन वर्षं झाली.
बर्फ एकदा हातात घ्यायचाय.
"जानेवारीत येऊ? त्या शर्यतीला?"

रोझविताचा फॉर्म डोळ्यांपुढे आला.
कुठून. कशाने. किती जण.
माझाही कुणी भरला नव्हता अजून.
त्यात 'कशासाठी' असा रकाना असता
तर काय लिहिलं असतं मी?
थंडीचा कंटाळा आला म्हणून?

"ये," मी म्हणालो. "आधी फोन कर.
उणे चार असेल तर सांगतो."

बायको डोळे मिटून सगळं ऐकत होती.
"रेल्वेने ये म्हणावं त्याला."
"बेटावरून?"

ती काही बोलली नाही.
टॉवेलवर कूस बदलली तिने,
रात्री दोनला बदलते अगदी तशी.