पंच क्रमांक दोन

कोतवाल बोलवायला आला तेव्हा मी कणीक मळत होते.
"चाल वो बाई, पंच पायजे. बाईमानूस पायजे.
सही येनारी."
पिंपळखुटीत सही येणाऱ्या बाया पुष्कळ,
भर दुपारी घरी सापडलेली मी एकटी.

काळबांड्यांच्या ओसरीत नागपूरच्या वकीलबाई,
कोर्टाच्या कमिशनर म्हणे.
एक लॅपटॉपवाला पोरगा, गळ्यात ओळखपत्र,
आणि दोन कंपन्यांचे दोन वकील
एकाच खाटेच्या दोन टोकांना,
मध्ये ताटभर वाळत घातलेल्या कुरड्या.
हर्षल भिंतीला टेकून उभा. त्याच्या आईनं चहा विचारला.
कोणी घेतला नाही. पाणी घेतलं.

बाईंनी विचारलं,
"तुमचा यांपैकी कुठल्या कंपनीशी काही संबंध?"
नावं ऐकली. दोन्ही इंग्रजी,
दोन्ही नव्या भांड्यासारखी चकचकीत.
म्हटलं, नाही.
लिहिलं गेलं : संबंध नाही.

डिस्क निघाली सरकीच्या पोत्यामागून,
जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली.
हर्षलनं डोळे मिटले. आईला वाटलं, बिस्किटांचा पुडा.

मग डिस्कवरून डिस्कवर नक्कल.
सदुसष्ट टक्क्यांवर लाइन गेली.
मंडपवाल्या इंगळ्यांचं जनरेटर आणेस्तोवर
सगळेच गप्प, जशी मयताची वाट पाहावी.
झालं एकदाचं. मग त्या पोरानं
चौसष्ट अक्षरं वाचली, एकेक करून,
आणि मी कागदावर बोट सरकवत गेले.
"एक अक्षर चुकलं, तर सगळं खोटं," तो म्हणाला.
मला फार आवडलं हे.
आमच्याकडे सातबाऱ्यावर आख्खं नाव चुकतं
आणि तेच खरं राहतं.

नकलेतली एकच फाईल उघडायची, असा हुकूम होता.
पऱ्हाटीच्या पानांवरच्या किडी,
फोटो पाहून ओळखायला मशीनला शिकवलेल्या.
मावा. तुडतुडे. फुलकिडे. लाल्या.
बाई खाली खाली जात होत्या.
एक्केचाळीस : बकरी.

खाटेचं एक टोक ताडकन उठलं, दुसरं खाली गेलं.
"हीच! आमच्याही यादीत एक्केचाळीसवर बकरी!
या नावाची कीड कुठल्याच पुस्तकात नाही.
चोरल्याशिवाय आली कुठून?"
दुसरा म्हणाला, "स्थानिक नाव असेल."
मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं
आणि लगेच नजर काढून घेतली.
पंचाला विचारत नसतात.

तीन वर्षं झाली. सेतूवाल्या गजूनं फोनमध्ये पानं दिली होती,
पानामागे चाळीस पैसे, रोख.
रात्री सैपाक आवरून मी अंगठ्यानं पानं सरकवायची.
कोणाचं काम, गजूलाही माहीत नव्हतं.
एक पान आलं, कडेनं अर्धं गायब.
यादीत बसेना. पण ते दात मी ओळखत होते.
धुऱ्यावरची आमची चंद्री.
लिहिलं : बकरी.
वाटलं होतं, तिकडे कोणीतरी शिकलेलं हसेल,
खोडून टाकेल.

कोणी हसलंच नाही.
पगार घेत घेत माझी बकरी
एका कंपनीतून दुसरीत गेली.

"काही सांगायचंय का?" कमिशनरबाई म्हणाल्या.
मी हर्षलकडे पाहिलं. तो कुरड्यांकडे पाहत होता.
पहिल्या पानावर 'संबंध नाही' ची शाई
केव्हाच वाळलेली.
जीभ टाळूला लागली आणि परत आली.
अकरा पानं, अकरा सह्या.
लाख वितळली, मोहर बसली,
वर शिक्का : गोपनीय.

घरी आले तर दार उघडं,
परातीतला कणकेचा गोळा कडेनं कुरतडलेला.
चंद्रीची लेक चुलीपाशी उभी, तोंडाला पीठ.
मी तिला मारलं नाही.
म्हटलं, "तुया मायचं नाव नागपूरले गेलं, बाप्पा,
लाख लावून, सीलबंद.
कोनाले सांगजो नोको."